खोटं न कोरणारा

घर भाड्याने देण्याआधी घरमालक काय काय विचारतात याचा म्युनिकमध्ये आम्हाला भरपूर अनुभव आला होता. पगाराच्या स्लिपा, नोकरीचं कंत्राट, मूल रडतं का, स्वयंपाकाचा वास किती येतो. या म्हाताऱ्याने त्यातलं एकही विचारलं नाही. टेबलापलीकडे बसून, दगडाची पूड बसलेल्या भुवया वर करून तो म्हणाला, "तुमच्या घरात आजवर कोण कोण मेलंय? आणि कशाने?"

नवऱ्याला वाटलं आपलंच जर्मन कच्चं, ऐकण्यात चूक झाली असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुकतीच भाषेची परीक्षा पास झालेली, त्यामुळे मला नीट कळलं होतं.

"आजोबा हार्ट अटॅकने," मी म्हणाले. "मामा स्कूटरच्या अपघातात. आजी म्हातारपणाने."

"म्हातारपणाने कोणी मरत नाही. काय झालं होतं?"

"न्यूमोनिया."

त्याचा चेहरा एकदम आक्रसला. "खरंच न्यूमोनिया? की तुम्हाला तसं कळवलं?"

माझं डोकं फिरलं. "कळवलं काय? माझी आजी होती ती. मी उशाशी बसले होते तिच्या."

"गूट, छान," म्हातारा म्हणाला आणि टेबलावरून किल्ली सरकवली. "मेलेल्यांबद्दल विचारलं की जे चिडतात, त्यांना मी घर देतो."

ही दोन हजार तेराची गोष्ट. म्युनिकची भाडी झेपेनात म्हणून आम्ही दक्षिणेला सरकत सरकत, एस-बानची लोकल संपते तिथून पुढे बसने वीस मिनिटं, डोंगर खिडकीत येतात त्या लांडक्राइसमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, येऊन पोचलो होतो. नवरा गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत होता. मुलगी सहा वर्षांची, मी घरी. वर आम्ही, खाली म्हातारा, मागे त्याची दगडाची शेड. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धंद्याने तो पाथरवट. साठ वर्षं त्याने आसपासच्या गावांतल्या थडग्यांचे दगड कोरले होते. आम्ही आपसात त्याला म्हाताराच म्हणायचो. आदराने बोलावं असं त्याने आम्हाला फारसं काही सुचू दिलं नाही.

सकाळी तो वर्तमानपत्रातलं मृत्यूचं पान उघडायचा, तेही उभ्याने. "प्रेमळ पिता!" असा खालून आवाज आला की समजायचं, कोणीतरी गेलं. "प्रेमळ? याने पोरीला कोठारात कोंडलं होतं जानेवारीत! साकरा!" ही त्याची नेहमीची शिवी. मग पेन्सिलने पानावर खोडाखोड. इथे अंत्यविधीला आलेल्यांना गेलेल्याचा फोटो आणि दोन तारखा छापलेलं छोटं कार्ड वाटतात. म्हाताऱ्याकडे तसल्या कार्डांचे बुटांच्या खोक्यांत भरलेले ढीग होते, गावागणिक वेगळे. प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलने दोन-तीन ओळी. 'दुधाच्या टाकीत पडला. पिऊन नव्हता, लोक म्हणतात तसा. पायरी सडलेली होती, मालकाला माहीत होतं.' 'हिने तीन दीर वाढवले. एकही आला नाही.' 'चांगला माणूस. खरोखर चांगला. मी शोधूनही काही सापडलं नाही.'

'कधीही न विसरलेला' हे शब्द दगडावर कोरून द्यायला तो साफ नकार द्यायचा. इथे सर्रास कोरतात ते. एकदा खाटकाच्या घरचे चौघे आले होते, वडिलांच्या दगडासाठी. मी जिन्यात होते, त्यामुळे सगळं ऐकलं. म्हातारा म्हणाला, "नाव कोरतो. तारखा कोरतो. खाटीक होता असं कोरतो. विसरणार नाही हे तुम्ही आत्ता म्हणताय, दगडाला ते शंभर वर्षं म्हणावं लागणार. तो का खोटा पडेल?" थोरला मुलगा म्हणाला, पैसे आम्ही देतोय. म्हाताऱ्याने दार उघडून धरलं. चौघे दुसऱ्या गावातल्या, यंत्राने कोरून देणाऱ्याकडे गेले.

हे आज सांगताना मजेचं वाटतं. त्याच्यासोबत राहताना नव्हतं वाटत. बाटल्या चुकीच्या डब्यात गेल्या की तो जिन्यात उभा राहून माझ्या नावाने ओरडायचा. रविवारी मुलीने अंगणात चेंडू आपटला की काठी आपटायचा. आणि त्याच मुलीला शेडमध्ये बसवून मेलेल्यांच्या गोष्टी सांगायचा. एक दिवस किंडरगार्टनमधल्या बाईंनी मला थांबवून घेतलं. या बाई मला फार आवडायच्या. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात, माझी मुलगी कोपऱ्यात रडत बसायची तेव्हा, त्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, काही न बोलता, रोज अर्धा तास. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीने आज सगळ्यांना सांगितलं की गावातल्या बेकरीवाल्याने गळफास घेतला होता. लहान मुलांना हे..."

घरी येऊन मी मुलीला झापलं. तिने जर्मनमध्येच उत्तर दिलं, "पण ते खरं आहे! ओपा म्हणाला, खरं आहे!" ओपा म्हणजे आजोबा; म्हाताऱ्याला ती तशीच हाक मारायची.

मी तरातरा खाली गेले. "तिला हे सांगू नका. ती सहा वर्षांची आहे."

"सहाव्या वर्षी सगळं कळतं," तो छिन्नी खाली न ठेवता म्हणाला. "पाचव्या वर्षीसुद्धा कळतं." त्याच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी रागात होते. मी ऐकलं नाही.

मीही काही फार खरी नव्हते. घर बघायला आलो तेव्हा त्याला सांगितलेल्या यादीतून एक माणूस मी गाळलं होतं. बाबांची धाकटी बहीण. आम्ही तिला बाळीआत्या म्हणायचो, म्हणजे म्हणायचोही नाही, कारण तिचा विषयच निघायचा नाही. माझ्या जन्माआधीच तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. मी आठवीत असताना ती गेली. बाबा एक दिवस जाऊन आले, अंघोळ केली, जेवले. सुतकसुद्धा पाळलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात कशावरून तरी बोलता बोलता हे मी म्हाताऱ्याला सांगून बसले. तो म्हणाला, "नाव?"

"बाळी."

"ते नाव नाही. बाळी म्हणजे काय?"

"म्हणजे... छोटी. धाकटी."

"मी नाव विचारतोय!" तो एवढ्याने ओरडला की मुलगी वरून धावत आली. "तुमच्या बापाची बहीण, आणि तुम्हाला नाव माहीत नाही?"

त्याला काय अधिकार होता? वर येऊन मी रागारागाने भारतात फोन लावला.

"बाबा, बाळीआत्याचं खरं नाव काय होतं?"

बाबांनी पलीकडे टीव्हीचा आवाज बंद केला. मग, "हे आत्ता कुठून काढलंस?"

"नाव सांगा ना."

"अगं, तिकडे परदेशात बसून हेच सुचतं का तुला? उगाच उकरून काढू नकोस. घे, आईशी बोल."

आईने आवाज खाली आणला. बाबा दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत थांबली असणार. "कुमुद," ती म्हणाली. "कुमुद नाव होतं. हात फार सुरेख होता गं तिचा. आपल्या देवघराच्या दाराला तोरण आहे ना, मोरांचं? ते तिनेच भरलेलं."

ते तोरण मी लहानपणी रोज बघत होते. एकदाही कोणी सांगितलं नव्हतं. मला बाबांचा राग आला, आईचा आला आणि सगळ्यांत जास्त खालच्या म्हाताऱ्याचा, कारण त्याने विचारलं नसतं तर माझं काहीच बिघडलं नसतं.

तर असं आमचं चाललं होतं, आणि मग त्या स्मारकाचा विषय आला.

चर्चशेजारी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नावांचा दगड होता. तो झिजला, म्हणून गावसभेने नवा बसवायचं ठरवलं. आसपासच्या सगळ्या गावांचा मिळून एकच, त्या वर्षांत बळी गेलेल्या सर्व रहिवाशांसाठी. सैनिक, बॉम्बमध्ये गेलेले, सगळे. म्हाताऱ्याने यादी मागवली, वाचली आणि मला हाक मारली. मला टायपिंग येतं हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचं जुन्या वळणाचं अक्षर गावसभेच्या ऑफिसात कोणाला वाचता यायचं नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्याच्याकडे आणखी आठ नावं आहेत. युद्धाच्या वर्षांत या भागातून ज्यांना सरकारी हुकमाने इस्पितळात नेलं आणि तिथे मारलं, कारण ते वेडे होते, किंवा पांगळे, किंवा त्यांना फेफरं यायचं. घरी पत्र यायचं, रुग्ण न्यूमोनियाने दगावला. त्याने वर्षानुवर्षं दप्तरखान्यांत बसून कागद शोधले होते. आठांतलं एक नाव त्याच्या बहिणीचं होतं. लीझल. नऊ वर्षांची.

त्याने सांगितलेलं पत्र मी टाइप करून वाचून दाखवलं.

"मी 'भेकड' म्हणालो होतो. ते कुठाय?"

"मी तिथे 'संकोची' केलंय."

"क्रुत्सिफिक्स! परत लिहा. भेकड!"

मी परत लिहिलं. उत्तर आलं, अतिशय सभ्य. वैयक्तिक माहितीचं संरक्षण, आजच्या नातेवाइकांच्या भावना, विषय नाजूक. दुसऱ्या पत्रालाही तेच, फक्त सही निराळी. सैनिकांच्या नातेवाइकांना भावना नव्हत्या का, असं म्हातारा विचारत राहिला. याचं उत्तर मात्र कोणी दिलं नाही. मी आता त्याच्यासाठी चिडू लागले होते. आपण परके, आपल्याला काय, असं स्वतःला सांगूनही चिडत होते.

शेवटी महापौरांनी लोकांची सभा बोलावली, शनिवारी दुपारी, गास्टहोफच्या, म्हणजे गावातल्या खानावळीच्या, मोठ्या खोलीत. म्हातारा आदल्या दिवशी वर आला. तो कधी वर यायचा नाही. जिना चढून दम लागला होता. "यादी तुम्ही वाचा," तो म्हणाला. "माझा आवाज चढतो. चढला की त्यांचं बरं होतं. म्हणतात, बघा, याच्याही डोक्यात आहे. तुमचा आवाज चढत नाही."

मी हो म्हणाले.

नवरा ऐकत होता. म्हातारा गेल्यावर म्हणाला, "अगं, अजून आपलं इथे कायम राहण्याच्या परवान्याचं काम व्हायचंय. याच ऑफिसात चकरा मारायच्यात. त्यांच्या गावातलं भांडण, त्यांच्या आज्या-पणज्यांचं. तू कशाला मध्ये?"

"कागद वाचायचाय फक्त."

"या, या," तो म्हणाला. जर्मनमधला होकार की मराठीतलं 'जाऊन या', मी विचारलं नाही.

सभेत शंभरेक माणसं असतील. महापौर बोलायला गोड. त्यांनी म्हाताऱ्याचं कौतुक केलं आणि विचारलं, नातेवाइकांपैकी कोणाला काही सांगायचंय? मागून एक बाई उठल्या. माझ्या मुलीच्या किंडरगार्टनच्या बाई. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"प्लीज," त्या म्हणाल्या. "आमचं नाव नको. ती माझ्या आजीची बहीण होती. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. माझी मुलं इथल्या शाळेत जातात. लोक म्हणतील, यांच्या रक्तात आहे."

कोणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी.

"आणखी कोणी?" महापौरांनी विचारलं.

म्हाताऱ्याने टेबलाखालून कागद माझ्या हातात दिला. मी तो उघडला. आठ नावं, माझ्याच हाताने टाइप केलेली. उठून उभं राहायचं आणि वाचायचं, एका मिनिटाचं काम. मी त्या बाईंकडे पाहिलं. जमिनीवर मुलीशेजारी बसलेल्या त्या मला आठवल्या. ऑफिसातल्या खिडक्या आठवल्या. सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटलं. मी बसूनच राहिले.

"आल्झो, तर," महापौर म्हणाले, "पुढचा विषय, बसथांब्याचं छप्पर."

तेव्हा म्हातारा उठला आणि नावं म्हणू लागला. दोन नावं नीट आली. तिसऱ्याला आवाज चढला. चौथं तो किंचाळला. अग्निशमन दलातले दोघे पुढे झाले आणि त्याला दंडाला धरून, अगदी हळुवारपणे, म्हणाले, "चला ओपा, बाहेर हवेत चला." लोकांनी वाट करून दिली. पाचवं नाव दारातून ऐकू आलं. कागद माझ्याच हातात होता. त्याला तो लागतच नव्हता.

मला स्वतःचा एवढा राग त्याआधी कधी आला नव्हता. नंतरही नाही.

तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. बाटल्या चुकीच्या डब्यात टाकल्या तरी नाही. मग एक दिवस शेडमधून छिन्नीचा आवाज सुरू झाला. मी खाली गेले. आडवा ठेवलेला, पुरुषभर उंचीचा करडा दगड होता आणि तो पहिलं नाव कोरत होता.

"मी गप्प बसले," मी म्हणाले. "माझं चुकलं."

तो कोरत राहिला. 'ल'चा दांडा पुरा झाला तेव्हा थांबला.

"तू गप्प बसलीस," तो म्हणाला. आजवर तो मला 'तुम्ही' म्हणत आला होता. "मी बोललो होतो."

मग त्याने सांगितलं. तो पाच वर्षांचा. लीझल नऊची. तिला शिट्टी फार छान यायची, कुरणाच्या टोकावरून वाजवली तरी गायी यायच्या. आणि तिला फेफरं यायचं. एक दिवस तपासणीला सरकारी डॉक्टर घरी आला. आईने सांगितलं, मुलीला काही नाही, लहानपणी एकदा तापात झटका आला होता, बस. बापाने मान हलवली. डॉक्टर लिहून निघालाच होता. "मला त्याची बॅग आवडली होती," म्हातारा म्हणाला. "त्याने माझ्याकडे बघावं असं वाटलं. मी म्हणालो, नाही नाही, ती पडते, मी दाखवतो कशी पडते. आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून दाखवलं. हातपाय झाडून. तोंडातून फेस काढून. डॉक्टर हसला. म्हणाला, हुशार आहेस. मग त्याने परत वही काढली."

आई त्याला त्यावरून कधी एक शब्द बोलली नाही. मारलंही नाही. पत्र आलं तेव्हा सगळ्यांनी न्यूमोनिया म्हटलं, पाद्र्यानेही, आणि लीझलचा फोटो भिंतीवरून गेला. तिचं कार्ड छापलं नाही.

 मी म्हणाले, "म्हणजे खरं बोलल्यामुळे... मग तुम्ही जन्मभर खऱ्याचा एवढा हट्ट..."

"आई खोटं बोलली ते लीझलसाठी," तो म्हणाला. "त्यानंतर जे जे खोटं बोलले ते स्वतःसाठी. यातला फरक मला पाचव्या वर्षी कळला असता तर बरं झालं असतं. उभी राहू नकोस नुसती. वही आण."

तो हिवाळाभर कोरत होता आणि मी लिहून घेत होते. आठही जणं. कोण कुठल्या घरातलं, काय काम करायचं, कशाला हसायचं, कोणी नेऊन घातलं, कशाने मारलं. मी काही चुकीचं लिहिलं की तो ओरडायचा, आणि आता मीही उलट ओरडायचे. वहीची गरज उरली नाही एवढं मला पाठ झालं.

वसंतात त्याने दगड स्वतःच्या कुंपणाशी उभा केला, रस्त्याकडे तोंड करून. आठही नावं, त्या बाईंच्या घरचंही. गावात काही जणांनी आम्हाला भेटल्यावर ग्र्यूस गॉट, म्हणजे रामराम, म्हणणं बंद केलं. ऑफिसातून पत्र आलं, दगड रस्त्यापासून ठरलेल्या अंतरावर नाही, परवानगी घेतलेली नाही. म्हाताऱ्याने उत्तर सांगितलं, मी एक शब्द न बदलता टाइप केलं. "या आठांना नेताना परवानगी कोणाची घेतली होती ते कळवा. तोच फॉर्म मी भरतो." पुन्हा पत्र आलं नाही. चर्चशेजारचा नवा दगडही बसला. त्यावर सगळ्यांत खाली, नावाशिवाय, 'आणि इतर सर्व बळी'. म्हातारा उद्घाटनाला गेला आणि भाषण चालू असताना मोठ्याने नाक शिंकरून परत आला.

त्याच वर्षी, नाताळाआधी, त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. इस्पितळात तो चार दिवस होता. वाचा गेली होती. उजवा हात चालत होता, त्याने माझं मनगट असं धरलं की वळ उठले. डोळ्यांत नुसता राग. कोणावरचा, ते मला कळलं नाही. गेला तेव्हा नर्स म्हणाली, "शांतपणे गेले." मी तिथेच होते. मी म्हणाले, "नाही. शांतपणे नाही गेले." ती जरा चपापली, मग म्हणाली, "गेनाऊ, बरोबर," आणि खोलीबाहेर गेली.

महापौर अंत्यविधीला आले, गावाचा लाडका मनस्वी कारागीर म्हणून बोलले. ज्या दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं होतं त्यांनीच शवपेटीला खांदा दिला. मी दात आवळून उभी होते. नवरा कुजबुजला, "अगं, चेहरा जरा..." मी चेहरा तसाच ठेवला. घर ड्युसेलडॉर्फच्या एका पुतणीकडे गेलं. ती भली निघाली, आम्हाला राहू दिलं, दगडालाही.

एप्रिलमध्ये मी कुंपणाशी दगड पुसत होते. हिवाळ्याची काजळी बसली होती. एक सायकल थांबली. किंडरगार्टनच्या बाई. मुलगी केव्हाच शाळेत जायला लागलेली, त्यामुळे आमची गाठ पडत नसे. त्या इकडचं तिकडचं बोलल्या. मग दगडाकडे न बघता म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं म्हणे. आमच्या... तिच्याबद्दलही?"

"कोणाबद्दल?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही सांगा कोणाबद्दल ते."

त्यांनी मागे-पुढे पाहिलं. समोरच्या अंगणात एक बाई गादी झटकत होती. "थेरेस," त्या म्हणाल्या, सायकलच्या घंटीला सांगावं तसं.

"ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं. मला तेव्हा दया आली नाही हे कबूल करते.

त्यांचे डोळे भरले. मग त्यांनाही राग आला, आणि तो मला त्यांच्या चेहऱ्यावर चढताना दिसला. "थेरेस!" त्या ओरडल्या. "थेरेस! माझ्या आजीची बहीण!" समोरची बाई गादी हातात धरून बघत राहिली.

मी त्यांची सायकल कुंपणाला टेकवली, त्यांना पायरीवर बसवलं आणि शेजारी बसले.

"आवाज चांगला होता तिचा," मी म्हणाले. "चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत उभी राहून गायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला रडू यायला लागलं, ते थांबेना..."